बगदादचा नळ

ईदच्या जेवणावरून उठून माझ्या आतेभावानं, लैथनं, दार आपटलं होतं ना, तेव्हाच खरं तर आम्हाला कळायला हवं होतं. पण आमच्या घरात दारं इतकी आपटतात की कुणी मान वर करून बघत नाही. त्यामुळे गुरुवारी तो सुआद आत्याकडे आला, उभ्या उभ्या चहा घेतला आणि म्हणाला, "मावशी, मी सोमवारी हंगेरीला चाललोय," तेव्हा तिला वाटलं, फिरायला चाललाय.

"या थंडीत? तिथे काय आहे बघायला?"

"अमेरिकनांचा तळ आहे. आपल्यासारख्या पोरांना थोडे दिवस शिकवतात आणि मग सैन्याबरोबर आत नेतात. दुभाषा म्हणून."

"आत म्हणजे कुठे?"

"आत म्हणजे घरी, मावशी."

सुआद आत्याच्या हातातली बशी पडली की तिनं आपटली, यावर घरात अजून दोन मतं आहेत. बशी गेली एवढं नक्की. कारण 'घरी' म्हणजे बगदाद, आणि बगदादमध्ये तिची हिंद आहे, एकुलती एक मुलगी, नवरा आणि दोन लहान पोरांसकट. आम्ही बाकी सगळे एकेक करून लंडनला आलो, हिंद लग्न होऊन तिथेच राहिली.

"म्हणजे आधी तुझी विमानं येणार," आत्या म्हणाली, "मागून तू येणार. आणि मध्ये माझी हिंद."

"विमानं माझी नाहीत."

"मग कुणाची? त्यांच्याच पोटात बसून चाललायस ना?"

त्यानं कप ठेवला आणि गेला. या वेळी दार आपटलं नाही. आत्या म्हणते, त्यानंच ती घाबरली.

तर गुरुवारचं हे असं. त्याच संध्याकाळी सुआद आत्या आमच्याकडे आली, कोटसुद्धा न काढता थेट जिद्दूंच्या खोलीत शिरली आणि म्हणाली, "बाबा, उठा. मशाया न्यायचीय."

जिद्दू म्हणजे माझे आजोबा. त्यांनी डोळे उघडले. "कुणाची मुलगी मागायचीय?"

"मुलगी नाही, मुलगा. उम्म सिनानचा लैथ. तो चाललाय, त्याला तिच्याकडून मागून आणायचाय." उम्म सिनान म्हणजे माझी मोठी आत्या, लैथची आई.

आता मशाया म्हणजे बघा, आमच्याकडे मुलगी मागायची असो की दोन घरांतलं खुनाचं वैर मिटवायचं असो, घरातली थोर माणसं कडक कपडे घालून समोरच्याच्या दारी जातात. कॉफी येते. म्होरक्या पेला उचलतो, आणि न पिता खाली ठेवतो. म्हणतो, आमची मागणी मान्य होईपर्यंत ही कॉफी आम्हाला वर्ज्य. मग कितीही वेळ लागो. दारात आलेला माणूस कॉफी न पिता गेला तर त्या घराचं नाक कापलं जातं, म्हणून शेवटी घरचा माणूस म्हणतो, "प्या कॉफी, मागाल ते दिलं." मग सगळे पितात. पण त्याआधी म्होरक्यानं जर एक घोट घेतला, तर झालं. मागणी विरली. सगळ्यांनी निमूट उठायचं.

जिद्दूंनी फुरात नदीच्या काठावर, मग बगदादमध्ये, अशा कितीतरी मशाया नेल्या. एकही रिकामी आली नाही, असं ते सांगतात. सांगतात म्हणजे सांगायचे. आताशा ते एकच सांगतात, की अंगणातला नळ वाहतोय.

त्याचं काय झालं, ज्या रात्री आम्ही बगदादचं घर सोडलं, तेव्हा जिद्दू नारिंगीच्या झाडाला पाणी घालत होते. गाडी आली, कुणीतरी त्यांना हाताला धरून ओढलं, आणि नळ बंद करायचा राहिला. एकवीस वर्षं झाली. रोज सकाळी लंडनमध्ये उठतात आणि विचारतात, "नळ कुणी बंद केला का रे?" माझे बाबा सांगतात, "आता त्या घरात गुप्तहेर खात्याचा साहेब राहतो, त्यानं केला असेल." त्यावर जिद्दू इतके वैतागतात! "तो? सरकारी माणूस कधी स्वतःच्या हातानं नळ बंद करतो का?"

असा आमचा म्होरक्या.

शनिवारी मध्ये तो मोठा मोर्चा झाला, तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाच असेल. बाबा गेले, त्यांच्याबरोबर मी गेले. एवढी माणसं मी जन्मात एका जागी पाहिली नव्हती, आजीबाया, कडेवरची पोरं, ढोल. सगळे युद्ध नको म्हणत होते. एका बाईनं बाबांना विचारलं, तुम्ही कुठले? बाबा म्हणाले, बगदादचा. तर ती रडायलाच लागली आणि त्यांना मिठी मारून म्हणाली, आम्ही तुमच्यासाठीच आलोय. घरी येताना बाबा म्हणाले, "रुबा, सगळा रस्ता भरला होता, पण 'त्याच्या' विरुद्ध एक फलक दिसला का गं तुला?"

'त्याच्या' म्हणजे त्याच्याच. आमच्या घरात त्याचं नाव अजून कुणी घेत नाही. लंडनमध्ये, दारं लावून, एवढ्या वर्षांनीही. जिद्दू तर 'तो' म्हणायच्या आधी रेडिओ मोठा करतात.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. मोठ्या आत्याचं घर तीन गल्ल्या सोडून, पण मशाया पायी जात नाही म्हणून दोन गाड्या. पुढच्या गाडीत जिद्दू, करड्या सुटात, डोक्यावर होडीच्या आकाराची काळी बगदादी टोपी, आणि चालवायला मी. मागे बाबांची टॅक्सी, तीत बाबा आणि सुआद आत्या. मशायेत बायका जात नाहीत. बाबांनी तसं म्हणून पाहिलं.

"मग तू हिंदला जन्म दे," आत्या म्हणाली, "मी घरी बसते."

बाबांनी तिच्यासाठी दार उघडलं.

*

आता हे पुढचं मला मोठ्या आत्यानं फार नंतर सांगितलं, तिच्याच स्वयंपाकघरात, वेलची कुटता कुटता.

गाड्या आल्या तेव्हा ती खिडकीतून बघत होती. तिला माहीत होतं आम्ही येणार. कारण सुआदला फोन करून हे करायला तिनंच सांगितलं होतं! आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. ईदपासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या. तेव्हा मोठी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पडू देत बॉम्ब. एकदाची त्याच्या तुरुंगांची दारं तर उघडतील." आणि सुआद म्हणाली होती, "माझ्या नातवंडांवर पडू देत का?" ताटावर शब्द सांडले ते सांडले. लैथ उठून गेला तो त्यावरूनच. आणि गुरुवारी, लैथ सुआदकडून निघाल्यावर, मोठ्या आत्यानंच तिला फोन लावला.

"सुआद, त्याला अडव."

"तू अडव. तू आई आहेस."

"मी नाही अडवू शकत."

"का?"

यावर तिनं फोन ठेवला होता. पण वेलची कुटताना मला तिनं ते सांगितलं. सिनान, तिचा मोठा मुलगा, एकोणीस वर्षांचा असताना त्याला विद्यापीठाच्या वसतिगृहातून नेलं. नेलं ते नेलंच. प्रेत नाही, कागद नाही. तिनं कधी त्याच्यासाठी फातिहा, मेलेल्या माणसासाठी वाचतात ती, वाचू दिली नाही, कुणी 'बिचारा सिनान' म्हटलं तरी घरातून हाकलायची. बगदादला जमिनीखाली तुरुंग आहेत, वरून लोक चालतात आणि खालून हाका ऐकू येतात, असं सगळे म्हणायचे. ऐकलेलं कुणी नाही, पण ज्यानं ऐकलं त्याला ओळखणारा माणूस प्रत्येकाला माहीत. लैथला तिनं त्याच गोष्टींवर वाढवलं. झोपताना, जेवताना. सिनान वाट बघतोय. दार उघडलं की सिनान येणार.

"मग त्याला जाऊ नको कुठल्या तोंडानं म्हणू?" ती मला म्हणाली. "जाऊ नको म्हणायचं म्हणजे, तिथे वाट बघणारं कुणी नाही, असंच म्हणायचं ना?"

आणि रोज, दिवसभर, सगळं जग तिला हाक काय मारणार? उम्म सिनान. सिनानची आई. आमच्याकडे पहिल्या मुलाच्या नावानंच आईला हाक मारतात. भाजीवाला मारतो, शेजारीण मारते, सख्खी भावंडं मारतात. तिचं स्वतःचं नाव मला शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं.

तिनं कॉफी उतू जाऊ दिली. पुन्हा ठेवली. मग तबक उचललं.

*

खोलीत आम्ही ओळीनं बसलो होतो. समोरच्या खुर्चीवर लैथ, दाढी करून, पांढरा शर्ट घालून. दाराशी त्याची हिरवी पिशवी तयार. मला वाटलं होतं तो हसेल, या नाटकावर. हसला नाही. उठून जिद्दूंच्या खांद्याचं चुंबन घेतलं, त्यांना उशी दिली, मग बसला.

आत्यानं कॉफी ओतली, मुठीएवढेही नसलेले ते पेले, कडू, काळी. पहिला जिद्दूंना. आणि खरं सांगते, मला वाटलं, आता हे विचारणार, नळ कुणी बंद केला का.

जिद्दूंनी पेला घेतला. पाठ ताठ झाली. पेला समोरच्या टेबलावर ठेवला, बोटांनी हलकेच पुढे सरकवला, आणि असा आवाज निघाला त्यांच्या छातीतून, मी लहान असतानाचा.

"या घराची कॉफी चांगली आणि या घराची माणसं तिच्याहून चांगली. आम्ही एका मागणीसाठी आलोय. ती मिळेपर्यंत ही आम्हाला वर्ज्य."

बाबांनी आपला पेला ठेवला. सुआद आत्यानं ठेवला. मीही ठेवला.

"मागा, जिद्दू," लैथ हळूच म्हणाला.

"तुला मागतो. जाऊ नकोस."

लैथनं खाली बघितलं. "दुसरं काहीही मागा."

"दुसरं काय आहे तुझ्याकडे?" बाबा म्हणाले. "मोबाईलच्या दुकानातली ती खुर्ची?"

"मामा, तुम्ही काल चालून आलात ना? थकला असाल. बसा शांत." लैथचा आवाज बदलला. "टीव्हीवर तुम्हाला बघून त्याला किती आनंद झाला असेल! म्हणाला असेल, अरे, एवढे माझे मित्र लंडनमध्ये?"

"तोंड सांभाळ. त्याच्यामुळे मी डोंगर ओलांडून पळालोय."

"आणि तिकडे जे पळू शकले नाहीत ते? मामा, एक्क्याण्णव साली आपलेच लोक उठले होते. काय झालं? हेलिकॉप्टरनं चिरडले. आतून ते दार उघडत नाही. बाहेरून तोडावंच लागतं."

"एक्क्याण्णव साली ती हेलिकॉप्टरं उडत होती तेव्हा वरून कोण बघत होतं? हेच. तुझे हे नवे मामा. त्यांना तेव्हा आपली दया आली नाही, आज आली?"

"मला त्यांची दया नकोय. त्यांचे रणगाडे हवेत." तो पुढे झुकला. "त्यांचं कारण काहीही असू दे. तेल असू दे. साप घरात शिरलाय आणि काठी शेजाऱ्याची आहे, तर शेजारी चांगला की वाईट हे विचारत बसू का? साप चावायच्या आधी ठेचायचा असतो."

"साप घरात आहे हे खरं," सुआद आत्या म्हणाली. "पण पाळणाही घरातच आहे. आणि तुझ्या शेजाऱ्याच्या हातात काठी नाही रे बाळा. तो घर पेटवून साप मारणाराय."

मग बाबा बोलले, आणि ते असं काही बोलतील असं मला वाटलं नव्हतं, कारण त्या दिवसांबद्दल ते कधीच बोलत नाहीत.

"ऐंशी साली मला ट्रकमध्ये बसवलं. बावीस वर्षांचा होतो. आमचा साहेब ट्रकच्या चाकावर उभा राहून म्हणाला, पोरांनो, इराणी उद्या आपल्यावर येणार आहेत, म्हणून आपण आज चाललोय. थोड्याच दिवसांत घरी. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आठ वर्षं चाललं ते. माझ्या ट्रकमधले..." बाबांनी हात हलवला, जाऊ दे म्हणून. "ते खरंच उद्या येणार होते का रे? मला आजतागायत माहीत नाही. कुणालाच नाही. उद्या होणाऱ्या गोष्टीसाठी आज मारलं ना, की ती होणार होती की नव्हती, हे कायमचं कळेनासं होतं. मारलेलं तेवढं उरतं."

लैथ ऐकत होता. त्याचं तोंड जरा उघडं राहिलं होतं. मग म्हणाला, पण आता ओरडून नाही:

"आणि ज्यांनी वाट बघितली, मामा? हलाब्जातल्या लोकांनी काय केलं होतं? घरात बसले होते. विषारी धूर आला, दारातच पडले, पोरं कडेवर असतानाच. तेव्हा जगात कुणालाच काही शंका नव्हती, तो काय करू शकतो याची. तरी सगळ्यांनी वाट बघितली. तुम्ही शंका घ्या, चांगली गोष्ट आहे. पण तुमच्या शंकेची किंमत तिकडे कुणीतरी मोजतंय. रोज."

"आणि तुझ्या खात्रीची किंमत हिंद मोजणार," सुआद आत्या म्हणाली. "काल बोलले मी तिच्याशी. अंगणात विहीर खणतायत. सगळी गल्ली खणतेय, पाणी बंद होणार म्हणून. लहान्याला वाटतंय खजिना शोधतायत. मला फोनवर ओरडून सांगत होता, बीबी, खाली पाणी लागलं, खारट आहे! इतका खूश." तिचा आवाज मोडला नाही, तेच वाईट. "मीसुद्धा त्याचं वाटोळं व्हावं म्हणून रोज प्रार्थना करते रे. कुणाला नकोय? पण माझ्या नातवाला ते खारट पाणी प्यायला लावून?"

"मी आत असलो तर मी हिंदपर्यंत पोचेन, मावशी. मी स्वतः. सगळ्यात आधी."

"कशानं? बॉम्बच्या पुढे धावत?"

मोठी आत्या भिंतीशी उभी होती, हातात कॉफीचं भांडं. एक शब्द नाही. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात चिडले होते, खोटं कशाला बोलू. वाटत होतं, हिलाच तो जायला हवाय. एका मुलासाठी दुसरा देतेय.

आणि तेवढ्यात जिद्दू म्हणाले, "पोरा, तिकडे गेलास तर आधी कुठे जाशील?"

बाबा पटकन म्हणाले, "बाबा, आपण त्याला जाऊ नको म्हणायला आलोय."

"हो हो. विचारतोय फक्त."

लैथ खुर्चीवरून उतरून त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं भांडण उतरलं.

"आधी आपल्या घरी, जिद्दू. त्या साहेबाला बाहेर काढीन. मग अंगणात जाईन. नारिंगीचं झाड असेल ना अजून?"

"असेल. नळ चालू आहे म्हटल्यावर झाड असणारच."

"मग नळ बंद करीन. घट्ट. आणि ओट्यावर बसून तुम्हाला फोन लावीन. म्हणेन, जिद्दू, केला बंद. झाडाची पानं चुरगळून वास घेईन आणि सांगीन तुम्हाला वास कसा आहे. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की मातीचा जो वास यायचा..."

"विटांचा," जिद्दू म्हणाले. "मातीचा नाही. तापलेल्या विटांचा. मग आई गच्चीवर गाद्या टाकायची. आणि नदीवरून..."

ते थांबले. डोळे कुठे होते देव जाणे, इथे लंडनच्या ॲक्टनमध्ये तर नव्हतेच. आणि तसेच, समोर न बघताच, गच्चीवर संध्याकाळी बसलेला माणूस जसा हात पुढे करतो तसा त्यांनी हात पुढे केला, पेला उचलला, आणि प्यायले. सगळा. शेवटी पेला हलवला सुद्धा, बास म्हणून, आमच्याकडे हलवतात तसा.

"बाबा!" सुआद आत्या किंचाळली.

जिद्दूंनी तिच्याकडे बघितलं, हातातल्या पेल्याकडे बघितलं. आणि एखाद्या पोरानं काहीतरी फोडल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

मशाया संपली. अडवायला आलेल्या म्होरक्यानंच वाट मोकळी करून दिली होती. बाबा कपाळाला हात लावून बसले. मला हसू येईल की रडू, मलाच कळत नव्हतं.

*

लैथनं मला सांगितलंय की त्या क्षणी त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याला वाटलं, आता मला खरंच जावं लागणार.

पाच वर्षांचा होता तो, सिनानला नेलं तेव्हा. त्याला सिनानचा चेहरा आठवत नाही. फोटोतला आठवतो, पण फोटो तर आम्हालाही आठवतो. त्याला आठवते ती आई, फोटोसमोर बसलेली. शाळेत पहिला आला तर आई म्हणायची, सिनानपण असाच होता. ताप आला तर म्हणायची, सिनान आला की तुला खांद्यावर घेईल. सव्वीस वर्षांचा झाला तरी तो कुणाच्या तरी येण्याआधीचा मुलगा होता. मला म्हणाला, "रुबा, मी देश सोडवायला चाललो नव्हतो गं. मी तिचा मुलगा आणून द्यायला चाललो होतो. मग तिला माझ्याकडे बघायला वेळ मिळाला असता."

तो उठला. पिशवीकडे गेला नाही, पण तिकडे बघितलं.

तेव्हा मोठी आत्या भिंतीपासून हलली.

तिनं नवा पेला घेतला. कॉफी ओतली. आणि यजमानाच्या बाजूनं निघून, खोली ओलांडून, आमच्या ओळीत येऊन बसली, सुआद आत्याच्या शेजारी. सुआद आत्या सरकली, तिला जागा दिली. ईदनंतर पहिल्यांदा दोघींचे खांदे टेकले.

तिनं पेला टेबलावर ठेवला. बोटांनी पुढे सरकवला.

"आता माझी मागणी," ती म्हणाली.

"आई, तू कशाला..."

"मशायेत मध्ये बोलत नाहीत." तिचे हात मांडीवर होते, एकात एक घट्ट. "मी सिनानची आई म्हणून आले नाही. तिला जाऊ नको म्हणता येत नाही. एकवीस वर्षं तिनं एकच केलं, दाराकडे बघितलं. म्हणून मी..." ती थांबली. श्वास घेतला. "आजपासून मला उम्म लैथ म्हणा. सगळ्यांनी. लैथची आई म्हणून मागतेय. माझा एकच मुलगा आहे. तो मला द्या."

तिनं काय केलं हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. जी बाई फातिहा वाचू देत नव्हती तिनं आत्ता, आमच्यासमोर, एका वाक्यात सिनानला मातीत ठेवलं होतं. हातानं.

सुआद आत्यानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. बाबांनी ओठ हलवले, म्हणायला, तिनं सांगितलेलं नाव. आवाज फुटला नाही. कुणालाच म्हणता येईना. उम्म लैथ. दोनच शब्द.

लैथ पांढरा पडला होता. मी त्याला लहानपणापासून बघतेय, त्याला आयुष्यभर एवढंच हवं होतं. आणि आता मिळालं तर असं, भावाच्या जिवाच्या मोलानं.

"नको आई," तो म्हणाला. "तसं नको म्हणूस."

"मागणी घातलीय. पेला समोर आहे."

"परत घे."

"तो जिवंत असेल तर तुझ्याशिवायही बाहेर येईल. नसेल तर तू कुणाला आणणार? एवढंच. विमानं तू असलास तरी येणार, नसलास तरी येणार. मी त्यांना थांबवू शकत नाही. सुआद थांबवू शकत नाही. तुझा मामा एवढं चालून आला, त्यालाही नाही थांबवता आली. मला फक्त तू थांबवता येतोस. म्हणून तुलाच मागतेय."

पेल्यातून वाफ यायची थांबली. लैथ तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. तिच्या हातांची गाठ सोडवली, एकेक बोट करत. पेला उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"कॉफी पी," तो म्हणाला. "मागितलंस ते दिलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पेला उचलेना. त्याच्या तोंडून आणखी काहीतरी यायचं राहिलं होतं, ते तिला हवंही होतं आणि नकोही होतं.

"पी, उम्म सिनान," तो म्हणाला. "गार होतेय."

आणि मग ती रडली. एकवीस वर्षांत आम्ही तिला रडताना बघितलं नव्हतं, कारण रडणं म्हणजे तो गेला असं. ती पेला धरून रडली, आणि रडत रडतच प्यायली, आणि सुआद आत्यानं तिच्या डोक्यावर आपलं डोकं ठेवलं. मग सुआद आत्यानं आपला पेला उचलला. बाबांनी उचलला. मी उचलला. इतकी कडू कॉफी मी आयुष्यात प्यायलेली नाही.

बाबांनी पिशवी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. हिंदचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. पण निघताना सुआद आत्या दारात थांबली आणि लैथचा गाल धरून म्हणाली, "तू राहिलास, चांगलं झालं." मग हळूच, "माझ्या वाटणीचं काही झालं नाही रे," आणि टॅक्सीत जाऊन बसली. ते खरंच होतं. लैथ राहिला म्हणून एक विमान कमी उडणार नव्हतं.

परत येताना जिद्दू माझ्या शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. तीन गल्ल्यांचा रस्ता, पण सिग्नल लागला. बाहेर बारीक पाऊस होता.

"रुबा, मागणी मान्य झाली ना?"

"झाली, जिद्दू."

"बघ. माझी मशाया कधी रिकामी येत नाही." ते खूश झाले. काचेवरून थेंब उतरत होते, त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे पोरगा जात नाही."

"नाही जात."

सिग्नल सुटला. मागच्यानं भोंगा वाजवला तेव्हा मला गाडी पुढे न्यावी लागली.

"चांगलं झालं," जिद्दू म्हणाले. टोपीवरून हात फिरवत राहिले. "चांगलं झालं. पण मग रुबा, तो नळ?"